उडी आणि गोंडा

माणसाला आनंद झाला, की तो पेढे वाटतो. कुत्र्याजवळ पेढे नसतात. तो उडी मारतो. खर्चाच्या दृष्टीने पाहिले, तर कुत्र्याची रीत अधिक परवडणारी. मात्र फुलदाणी, चहाचा ट्रे आणि पाहुण्यांची इस्त्रीची पँट यांपैकी काहीही उडीच्या टप्प्यात असता कामा नये.

वर्षभर या सदरात मी शब्दांच्या कुळकथा सांगत असतो. “अहो, दिवाळीला तरी ते व्याकरण बाजूला ठेवा,” अशी आमच्या सौभाग्यवतींची सूचना आली. ती मी तत्काळ मान्य केली. पण मराठीच्या मास्तराला जिकडेतिकडे व्याकरणच दिसते, त्याला काय इलाज? घरात कुत्रा आल्यापासून माझी खात्री झाली आहे, की त्याच्या उड्यांनाही व्याकरण आहे.

पहिली उडी स्वागताची. तुम्ही कोथिंबिरीची जुडी घेऊन दहा मिनिटांत परत आलात, तरी काशीयात्रा करून आल्यासारखे तुमचे स्वागत होते. तुमच्या तोंडापर्यंत पोचण्याची ती धडपड असते. शिकारीहून परतलेल्या आईबापांचे तोंड लांडग्याची पिले अशीच चाटतात आणि त्यांच्याकडून पोटातला घास काढून घेतात. माणसाच्या दारी हजारो वर्षे राहूनही कुत्र्याने ही बाळपणची रीत सोडलेली नाही. आपले तोंड जमिनीपासून पाच फुटांवर आहे, हा दोष आपला. तो बिचारा उडी मारून भरून काढतो. व्याकरणात याला संबोधन म्हणावे.

दुसरा प्रकार विनंतीचा. पुढचे कोपर जमिनीला टेकलेले, मागची बाजू आभाळाकडे आणि शेपूट झेंड्यासारखे फडकते. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक सांगतात, की हे खेळाचे आमंत्रण आहे. ‘आता मी अंगावर येईन, गुरगुरेन, चावल्यासारखेही करीन, पण ते सारे लटके समजावे,’ असा त्याचा अर्थ. आपल्या नाटकातल्या नांदीसारखेच हे. नांदी झाली, की पुढच्या मारामारीत कोणी खरोखर मरत नाही, हे प्रेक्षकांना ठाऊक असते.

तिसरा प्रकार आंघोळीनंतरचा. पंचा अंगावरून निघतो न निघतो, तोच स्वारी सुटते. दिवाणखाना, स्वयंपाकघर, पलंगाखालून पुन्हा दिवाणखाना! कान मागे, पाठीची कमान, वळणावर फरशीवरून घसरगुंडी, आणि शेवटी मधोमध थांबून जीभ काढून आपल्याकडे पाहणे. यातून त्याला काय म्हणायचे असते? काहीच नाही. हे निव्वळ केवलप्रयोगी अव्यय. अहाहा!

आनंदाला अंग असते, तसे निराशेलाही असते. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला, त्यात त्याच्या एका कुत्र्याची हकिगत आहे. फिरायला निघताना स्वारी मोठ्या डौलात चाले. पण वाटेत झाडांच्या काचघराकडे जाणारा फाटा होता. डार्विनचे अंग त्या बाजूला जरासे वळले, की फिरणे पुढे चालू राहणार की नाही, अशी शंका कुत्र्याला येई. मान, कान, शेपूट सारे एकदम खाली. घरच्या मंडळींनी त्या मुद्रेला ‘काचघराचा चेहरा’ असे नावच देऊन टाकले होते. आमच्याकडे तोच चेहरा जनावरांच्या दवाखान्याच्या कोपऱ्यावर दिसतो.

उडीसाठी कुत्र्याचा देहही मोठा सोयीचा घडला आहे. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेले नसतात. ते स्नायूंनीच बांधलेले असतात. मागचे पाय उडवतात आणि पुढचे उतरताना धक्का झेलतात. २०१७ साली अमेरिकेत फेदर नावाच्या ग्रेहाउंड कुत्रीने १९१.७ सेंटिमीटर उंचीची उडी मारून विक्रम नोंदवला. म्हणजे सहा फुटी माणूस तिने सहज ओलांडला असता! त्याआधी, १९७८ साली, लंडनच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात मधला वेळ भरून काढायला घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीसारखा कुत्र्यांचा खेळ लावला होता. लोकांना तो एवढा आवडला, की मध्यंतरातल्या त्या करमणुकीचा पुढे स्वतंत्र क्रीडाप्रकारच झाला.

परंतु प्रत्येक देहाला त्याच्या आनंदाचे ओझे पेलतेच असे नाही. आमचा मोती जातीने डॅशहुंड. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बिळात शिरून त्या बॅजरला हुडकण्यासाठी माणसाने ही जात घडवली. देह दीर्घ, पाय ऱ्हस्व! शुद्धलेखनाचा असा घोळ मी उत्तरपत्रिकांतही पाहिलेला नाही. दुर्दैव असे, की या आखूड पायांच्या वारशाबरोबर मणक्यांमधल्या गाद्या तरुणपणीच कडक होण्याचा वारसाही येतो. एखादी गादी सरकली, की मज्जारज्जू दाबला जातो. दर चार-पाच डॅशहुंडांत एकाला तरी हे दुखणे गाठते.

पाच वर्षांचा असताना एका संध्याकाळी मोतीने उडी मारली नाही. दाराशी आला, माझ्याकडे पाहिले आणि उभाच राहिला. मागचा एक पाय ओढत होता. सबंध घराला त्या न मारलेल्या उडीचा आवाज ऐकू आला. डॉक्टरांनी काही आठवडे पिंजऱ्यात विश्रांती सांगितली. आणि पुढे जन्मभर सोफ्यावर चढणे-उतरणे बंद. पाय सुधारला. पण ‘उडी मारू नकोस’ हे कुत्र्याला समजवायचे कसे? नकारार्थी वाक्य त्याला कळते, पटत मात्र नाही. सोफ्यापाशी येऊन तो वर पाही, आमच्याकडे पाही, आणि मागचे पाय दुमडून तयारी करू लागे. तेवढ्यात कोणीतरी धावत जाऊन त्याला धरी.

शेवटी सौ. म्हणाली, “त्याला वर येता येत नाही ना? मग आपण खाली बसू.” हप्त्यांनी घेतलेला सोफा दुसऱ्याच दिवशी धाकट्या दिरांकडे गेला आणि आमच्याकडे पुन्हा भारतीय बैठक आली. आता बैठकीवरून उठताना मीच ‘आई गं’ म्हणतो, आणि माझ्या मणक्यांची चौकशी मोती करतो!

उडी गेली, पण तिच्यातला आनंद काही गेला नाही. तो शेपटात उतरला. शेपूट हलते, त्यामागे कंबर हलते, मग पोट, मग कान. सबंध देह घोळतो. ‘गोंडा घोळणे’ हा शब्दप्रयोग आपण लाचार माणसांसाठी राखून ठेवला आहे. मोतीला पाहिल्यापासून वर्गात त्याचा अर्थ सांगताना माझी जीभ अडखळते. ज्याला काही मागायचे नाही, तोही गोंडा घोळतो. आणि तो घोळणे किती निर्मळ असते!

दिवाळीच्या अंकात हे लिहिण्याला कारण आहे. उडीचा चौथा प्रकार याच दिवसांत दिसतो, आणि तो भीतीचा. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा नाद ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा. आणि बारीकसा आवाजही त्याला आपल्याआधी लागतो. फटाक्याच्या दणक्याने बिथरलेला कुत्रा कुंपणावरून, गॅलरीतूनसुद्धा उडी टाकतो. तेव्हा त्याला दिवेलागणीपूर्वीच फिरवून आणावे, आतल्या खोलीत खिडक्या लावून, रेडिओ चालू ठेवून बसवावे, गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर असू द्यावा. जमल्यास घरातल्या कोणीतरी त्याच्याशेजारी बसावे.

आपण वसुबारसेला गाईला ओवाळतो, पोळ्याला बैलाला सजवतो. नेपाळात आपल्या नरक चतुर्दशीच्या सुमारास कुकुर तिहार असतो. त्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि पुढ्यात गोडधोड. आपल्याकडे एवढा थाट नको. पण त्या दिवशी पहाटे पहिला बार उडवायच्या आधी शेजारच्या घरातल्या मोतीची आठवण झाली, तरी त्याची दिवाळी साजरी झाली, असे मी समजेन. आमच्याकडे यंदा फराळ बैठकीवरच आहे. येणाऱ्यांनी खाली बसण्याची तयारी ठेवून यावे. गोंडा घोळायला मोती आहेच.