पाय धड आहेत, शब्द अडतात

मैत्रिणींनो, मुलांकडे परदेशी जाऊन आलेल्या आई-आज्या आता आपल्या आसपास काही कमी नाहीत. कुणी लेकीच्या बाळंतपणाला जाते, कुणी नातवाला सांभाळायला, कुणी नुसतीच सहा महिने राहून यायला. निघायच्या आठ दिवस आधी मुलाचा फोन येतो, ‘आई, तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवलीय. तू फक्त बसून राहा.’

आमच्या शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका. अजूनही आठवड्यातून तीनदा पर्वती चढतात. त्यासुद्धा विमानतळावर मांडीवर पर्स घेऊन मुकाट खुर्चीत बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं, गुडघे ठणठणीत आहेत. पण ते गेट, ते ट्रान्झिट, ती बॅग परत घ्यायची की नाही, मला काही कळत नाही. खुर्चीवाला आपला नेऊन सोडतो.’

मला खटकतं ते हे. ज्या बाईने चाळीस वर्षं संसार आणि नोकरी दोन्ही रेटलं, तिने दहा-बारा शब्दांना घाबरून स्वतःला आजारी म्हणवून घ्यायचं?

यावर कुणी म्हणेल, बिघडलं कुठे? रांगही चुकते! पण खुर्च्या आणि त्या ढकलणारी माणसं मोजकीच असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याने दोन खुर्च्या सांगितल्या होत्या, मिळाली एकच. पत्नीला खुर्चीत बसवून ८० वर्षांचे गृहस्थ चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, त्या विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. जबाबदारी कंपनीचीच, यात वाद नाही. तरी धडधाकट माणसाने अडवलेली प्रत्येक खुर्ची कुणातरी गरजवंताला थांबायला लावते, हेही खरंच ना?

तेव्हा आधी ते शब्दच बघू. एसटीचा रिझर्व्हेशनचा तक्ता आपण शिकलो, रेल्वेचं आरएसी आणि वेटिंग शिकलो. हेही त्याच जातीचं आहे.

तिकीट काढताना ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ एकच समजू नका. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं विमान. डायरेक्ट म्हणजे फ्लाइटचा नंबर एकच, पण ते वाटेत एखाद्या गावी उतरूही शकतं. वाटेत विमान बदलायचं असेल, तर दोन विमानांमधला थांबा म्हणजे ‘लेओव्हर’. मुलाला विचारायचा प्रश्न हा, की ‘लेओव्हर किती तासांचा आहे?’ दीड तासाचा म्हणाला, तर सांगायचं, ‘बाळा, जरा जास्त वेळ मिळेल असं तिकीट काढ. मला धावायचं नाही.’

‘कोडशेअर’ म्हणजे तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं. तिकिटावर बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय’ असं लिहून पुढे नाव दिलेलं असतं. बहुधा त्याच कंपनीच्या काउंटरवर जायचं असतं.

बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात. ‘बोर्डिंग’ ही गेटपाशी हजर राहायची वेळ आणि ‘डिपार्चर’ ही विमान सुटायची. आपण बोर्डिंगची धरायची, कारण गेट सुटायच्या वेळेआधीच बंद होतं. गेटचा नंबर आणि सीटचा नंबर वेगळे, हे बोटाने दाखवून घ्यायचं. आणि गेट आयत्या वेळी बदलू शकतं. हल्ली बऱ्याच विमानतळांवर घोषणा करत नाहीत, म्हणून अधूनमधून फलकाकडे बघायचं.

काकूंना पडलेला बॅगेचा प्रश्न तर सगळ्यांनाच पडतो. काउंटरवरच विचारायचं, ‘बॅग शेवटपर्यंत जाणार ना?’ आणि पावतीवर शेवटच्या शहराचं नाव आहे का ते बघायचं. अमेरिकेत मात्र बहुतेक वेळा, जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच बॅग पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. फ्रँकफर्टमार्गे शिकागो आणि तिथून डेट्रॉइट असा प्रवास असेल, तर फ्रँकफर्टला बॅगेची काळजी नाही, शिकागोला आहे. एवढं एक वाक्य आईला कागदावर लिहून दिलं, तर निम्मी धास्ती जाते.

शब्द येत नसले की पैसेही बुडतात. ‘ओव्हरबुकिंग’ म्हणजे जागांपेक्षा जास्त तिकिटं विकणं. आपलं तिकीट पक्कं आहे, आपण वेळेत हजर आहोत आणि तरी ‘जागा नाही’ असं सांगितलं, तर त्याला ‘डिनाइड बोर्डिंग’ म्हणतात. २०१६ मध्ये सुधारलेल्या डीजीसीएच्या नियमांनुसार, तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात जागा दिली तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत सोय केली, तर मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. आपण बायका ‘जाऊ दे, कुठे भांडायचं’ म्हणून कोपऱ्यात बसतो. भांडायचं नाहीच, फक्त तो शब्द उच्चारायचा. तो आला की काउंटरवरचा सूर बदलतो.

आणि आता सगळ्यात कामाचा शब्द. विमान कंपन्यांच्या बुकिंगमध्ये खुर्चीचेही प्रकार असतात. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे जिनाही चढता येत नाही, ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे अजिबात चालता येत नाही. यांच्याच शेजारी ‘मास’ नावाचं आणखी एक कोड असतं. ‘मीट अँड असिस्ट’ म्हणजे भेटा आणि मदत करा. एकटीने प्रवास करणाऱ्या, भाषा न येणाऱ्या माणसाला सोबत करून वाट दाखवायची सोय. आपल्या काकूंना हवी होती ती हीच की! काही कंपन्या ती फुकट देतात, काही ठिकाणी पैसे पडतात. पण मुलांना तिचं नावच ठाऊक नसतं, म्हणून ती सरळ खुर्ची मागून मोकळी होतात.

माझं म्हणणं सगळ्यांना लागू नाही. ज्यांना संधिवात आहे, दम लागतो, ऑपरेशन झालंय, त्यांनी खुर्ची हक्काने घ्यावी, त्यात लाज कसली? पण ज्यांचे पाय धड आहेत, त्यांच्या मुलांना सांगावंसं वाटतं की तिकीट नुसतं व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. अर्धा तास फोनवर बसा, आईच्या हातात कागद-पेन द्या आणि एकेक शब्द तिच्याकडून लिहून घ्या. तिने तुम्हाला बाराखडी गिरवायला शिकवताना घड्याळ बघितलं नव्हतं.

विमान कंपन्यांनाही विचारायला हवं. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या प्रवाशांना तिकिटासोबत मराठीत एक पानभर माहिती द्यायला असा काय खर्च येणार आहे? भाडं तर आपण पूर्ण मोजतो.

आणि मैत्रिणींनो, पुढच्या भिशीला हा विषय काढाच. जी जाऊन आलीय तिने जाणारीला बोर्डिंग पास कसा वाचायचा ते दाखवावं. पाककृतींसारखेच हे शब्दही एकीकडून दुसरीकडे जाऊ देत.