मरणाची तयारी कीं मरणाची टाळाटाळ?

आमच्या सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांत मरणाविषयीं बोलणें हें हल्लीं असभ्यपणाचें लक्षण समजलें जाऊं लागलें आहे. मुलांचें शिक्षण, मुलींचे विवाह, घरबांधणी, निवृत्तिवेतन, परदेशगमन, या सर्व विषयांवर जेवतांना मोकळेपणानें चर्चा होते. परंतु जी एकच गोष्ट घरांतील प्रत्येकाच्या वांट्यास निश्चित येणार, तिचें नांव निघालें कीं "अभद्र बोलूं नये" म्हणून वडील मंडळी विषय बदलतात. ज्या मंडळीनें दर रविवारीं पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन यांवरील आपला विश्वास एकमुखानें प्रगट करावा, तिनेंच सोमवारीं मरण या शब्दाला भ्यावें, यापरता विसंगतपणा कोणता?

याच्या उलट दुसरा एक पक्ष आहे. त्याला मरणाखेरीज दुसरें कांहीं बोलतांच येत नाहीं. भूकंप झाला, युद्ध पेटलें, साथ आली, कीं हे उपदेशक बोटें मोजून जगाच्या अंताचा हिशेब मांडतात आणि भोळ्या श्रोत्यांच्या मनांत नरकाग्नीची धग घालून त्यांस प्रार्थनेस बसवितात. पहिला पक्ष मरण झांकतो, दुसरा तें विकतो. माझें म्हणणें असें आहे कीं, या दोन्ही पक्षांस मरणाची तयारी म्हणजे काय हेंच कळलेलें नाहीं. आणि या अज्ञानाची किंमत शेवटीं अंथरुणावर पडलेल्या एकट्या माणसास द्यावी लागते.

प्रथम पहिल्या पक्षाचा विचार करूं. घरांतील कर्त्या पुरुषास किंवा एखाद्या मातेस कर्करोगासारखा असाध्य आजार झाला, कीं नातलगांची पहिली धांव डॉक्टरांकडे जाते ती "त्यांना मात्र सांगूं नका" ही विनंती करण्यासाठीं. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांस ठाऊक, दूरच्या आप्तांस ठाऊक, दूधवाल्यास देखील ठाऊक. ठाऊक नाहीं तें एकट्या ज्याचें मरण त्याला! वस्तुतः त्यालाही तें कळलेलेंच असतें. परंतु मुलांस वाईट वाटूं नये म्हणून तो न कळल्याचें सोंग करतो, आणि त्यास वाईट वाटूं नये म्हणून मुलें सर्व ठीक असल्याचें सोंग करतात. अशा रीतीनें ज्या आठवड्यांत मनांतील सर्वांत खरें बोलणें व्हावयाचें, त्याच आठवड्यांत घरांत सर्वांत मोठें असत्य नांदतें. भावाशीं वीस वर्षें अबोला धरलेल्या माणसास क्षमा मागण्याची संधि राहत नाहीं. पत्नीस दोन शब्द सांगावयाचे ते राहून जातात. कोणाचें देणें, कोणाचें येणें, हें वहीच्या पानांतच राहतें.

धर्मविधींचीही हीच दशा. कॅथलिक घरांत धर्मगुरूंस बोलावणें शक्य तितकें लांबविलें जातें. कारण ते दारांत दिसले कीं रोगी धीर सोडील अशी भीति! आजाऱ्याच्या कपाळास तेल लावून करावयाचा हा संस्कार केवळ अगदीं शेवटच्या घटकेपुरता नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 1963 सालींच स्पष्ट केलें. तरी आम्ही अद्याप रोग्याची शुद्ध हरपेपर्यंत थांबतों, म्हणजे ज्याच्यासाठीं प्रार्थना करावयाची त्यास ती ऐकूं येऊं नये अशीच जणूं व्यवस्था करतों. प्रॉटेस्टंट घरें यांत मागें आहेत असें नाहीं. तेथें पाळक येतात, "लवकर बरे व्हा" म्हणून प्रार्थना करतात, चहा घेतात आणि जातात. प्रभुभोजनाची गोष्ट काढण्याचें धैर्य कोणास होत नाहीं.

यावर आक्षेप येईल कीं, खरें सांगितल्यानें रोग्याचें मन खचतें. आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. सत्य हें दगडासारखें फेंकून मारावयाचें नसतें. परंतु सांगण्याची रीत चुकते म्हणून सांगणेंच सोडावें, हा न्याय कोठला? रोग्यास किती जाणून घ्यावयाचें आहे हें त्यासच हळूहळू विचारावें, आणि तो विचारील तितकें खरें सांगावें, एवढी साधी गोष्ट आहे. ज्यानें जन्मभर घर चालविलें, त्याच्या स्वतःच्या मरणाचा कारभार मात्र त्याच्या अपरोक्ष चालवावा, यास प्रेम म्हणण्यापेक्षां पालकत्वाचा अतिक्रम म्हणणें अधिक योग्य होईल.

तयारी करणें म्हणजे भिणें, असाही एक समज आहे. आमच्या तुमसर तालुक्यांत चिखला येथें मँगनीजची भूमिगत खाण आहे. तेथील कामगार दिवा व शिरस्त्राण तपासल्याशिवाय खालीं उतरत नाहीं. म्हणून त्यास कोणी भेकड म्हणत नाहीं. उलट जो न तपासतां उतरेल त्यास आपण मूर्ख म्हणूं. मग जी उतरण सर्वांनाच उतरावयाची आहे, तिच्यापुरतें हें शहाणपण उलटें कां व्हावें?

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. अनंतकाळाचें नांव घेऊन इहलोकच्या कामास तुच्छ लेखणें हा रोग नवा नाहीं. थेस्सलनीका येथील मंडळींतील कांहीं जण प्रभूच्या येण्याची वाट पाहतों म्हणून कामधंदा सोडून बसले होते. त्यांस पौलानें कान उपटून कामास लावलें, हें आमचे उपदेशक सोयीस्कर विसरतात. मरणाची भीति घालून मिळविलेला पश्चात्ताप ताप उतरला कीं उतरतो. आणि ज्यास देवाविषयीं प्रेम नसून केवळ शिक्षेची धास्ती आहे, त्याची तयारी ही चोरानें शिपायास पाहून सभ्य दिसण्याची तयारी होय.

या पक्षाचा आणखी एक दोष अधिक निष्ठुर आहे. प्रत्येक मरणास तो "देवाचें बोलावणें" हें एकच उत्तर देतो. 9 जानेवारी 2021 रोजीं आमच्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा बालकें दगावलीं. त्या मातांपुढें मरणाच्या तयारीचा उपदेश करणें हा धर्म नव्हे, ही निर्दयता आहे. अशा प्रसंगीं अगोदर चौकशी व्हावी, मग रडणाऱ्याबरोबर रडावें, आणि उपदेश करणाऱ्यानें तोंड मिटून घ्यावें. माणसांनीं राखावयाची सावधगिरी माणसांकडून मागावयाची सोडून सारा भार ईश्वरेच्छेवर टाकणें, ही अनंतकाळाची आठवण नसून वर्तमानकाळाचें विस्मरण आहे.

मग खरी तयारी कोणती? ती पाहण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. नागपुरास 1845 सालीं आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचें उदाहरण घ्या. शाळा चालवाव्या, शुभवर्तमान सांगावें, गोंडांची भाषा व चालीरीती टिपून घ्याव्या, खडक व जीवाश्म गोळा करावे, असा त्यांचा अष्टौप्रहर उद्योग. 4 सप्टेंबर 1863 रोजीं टाकळघाटच्या बाजूचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना रात्रीं फुगलेल्या ओढ्यांत ते बुडाले. निरोप घेण्यास क्षणाचाही अवकाश मिळाला नाहीं. परंतु त्यांचीं टिपणें इतकीं कामाचीं होतीं कीं, सर रिचर्ड टेंपल यांनीं तीं 1866 सालीं प्रसिद्ध केलीं. आणि त्यांच्या नांवाचें महाविद्यालय 1883 पासून नागपुरांत आहे. देवाचें चिंतन करणाऱ्यानें दगड कां वेंचावे, असें ज्यांस वाटतें त्यांनीं याचा विचार करावा.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. आईबाप दुष्काळांत गेले, पती लग्नानंतर थोड्याच काळानें गेले, आणि एकुलती कन्या मनोरमा 1921 सालीं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मरणाचा इतका सहवास लाभलेल्या बाईनें जग सोडून कोपऱ्यांत बसावें, अशीच लोकांची अपेक्षा असती. त्यांनीं काय केलें? केडगांवास शेंकडों अनाथ स्त्रियांचा संसार उभा केला आणि हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठींत उतरविण्याचें काम शेवटपर्यंत चालू ठेविलें. 5 एप्रिल 1922 रोजीं त्या निवर्तल्या. 1924 सालीं तें बायबल छापून बाहेर पडलें. ज्याचे छापील पान आपल्या हातीं येईल कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, तें काम रोज सकाळीं हातीं घेणें, याचें नांव अनंतकाळ डोळ्यांपुढें ठेवून जगणें.

आणि नारायण वामन टिळक? 1893 सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. तो लोहमार्ग आमच्या तुमसर रोड स्टेशनावरूनच जातो. 1895 सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें 1917 सालीं, ज्या वयांत आम्ही निवृत्तिवेतनाचे आंकडे मांडतों त्या वयांत, त्यांनीं मिशनचा पगार सोडून संन्यस्त वृत्ति धरिली व 'देवाचा दरबार' स्थापिला. दोन वर्षांच्या आंतच, 9 मे 1919 रोजीं, ते वारले. त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे अवघे सुमारे अकरा अध्याय झाले होते. पुढील बहुतेक सर्व अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले. ज्या लक्ष्मीबाईंस लग्नानंतर अक्षरओळखही कष्टानें करून घ्यावी लागली होती त्यांनीं! काम अर्धें राहिलें म्हणून टिळकांचें मरण बिनतयारीचें झालें असें कोण म्हणेल? आपल्यामागें तें उचलणारा हात तयार करणें ही देखील तयारीच होय.

येथें कोणी हिंदु वाचक विचारतील कीं, ही ख्रिस्ती मंडळींची घरगुती भानगड आमच्यापुढें कशाला? उत्तर सोपें आहे. रोग्यापासून सत्य लपविण्याची रीत आम्हां सर्वांची एकच आहे. तिला जात नाहीं, धर्म नाहीं. आणि मरणाचें स्मरण हें भक्तीचें अंग आहे, हें या भाषेस संतांनींच शिकविलें. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें टिळक म्हणत असत. तो पूल दोन्ही बाजूंनीं ओसाड पडावा हें कोणासच भूषणावह नाहीं.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. त्या क्षुद्र वाटतील, परंतु धर्माची कसोटी तेथेंच लागते. मृत्युपत्र करण्यास आमचे लोक अशुभ मानतात. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीची वांटणी 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानें होते: मुलेंबाळें असल्यास विधवेस एक तृतीयांश, व उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली यांस सारखे. कायदा मुलीस समान मानतो. परंतु बापानें तोंडानें कांहीं बोलून ठेवलेलें नसलें कीं भाऊ बहिणीकडून हक्कसोडीवर सही घेतात, आणि बापाच्या स्मरणार्थ उपासना चालू असतां दोघें दोन बांकांवर बसतात. एका कागदानें जें भांडण टळलें असतें, तें न लिहितां मरणें ही भाविकता नव्हे, हयगय आहे.

याच कायद्याच्या 118 व्या कलमाचा इतिहास मननीय आहे. ज्यास पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा आप्त आहे, त्यानें मरणापूर्वीं निदान बारा महिने आधीं मृत्युपत्र केलेलें नसेल, तर त्यास त्या मृत्युपत्रानें धर्मकार्यास किंवा दानधर्मास मिळकत देतां येत नसे. हा निर्बंध ख्रिस्ती लोकांस जाचक व भेदभावाचा ठरवून सर्वोच्च न्यायालयानें 2003 सालीं रद्द केला, तें योग्यच झालें. परंतु त्या कलमामागें जो संशय होता, कीं अंथरुणावरील औदार्य हें पुष्कळदां भीतीचें अपत्य असतें, तो संशय रद्द करण्यास न्यायालय समर्थ नाहीं. जें आतां मुठींतून सुटतच आहे, तें देण्यांत दान कसलें? हातांत जोर असतां जें दिलें तेंच दिलें.

तिसरी गोष्ट उपचारांची. शेवटीं यंत्रांच्या आधारानें श्वास चालू ठेवावा कीं नाहीं, याविषयींची आपली इच्छा आधींच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें 9 मार्च 2018 रोजीं मान्य केला, आणि 2023 सालीं त्याची रीत सुलभ केली: दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो लेख साक्षांकित करून घेतला म्हणजे झालें. मुलांनीं अतिदक्षता विभागाच्या दाराशीं उभें राहून एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्यापेक्षां वडिलांनीं शुद्धींत असतां हें ठरवून ठेवणें हें मुलांवरील शेवटचें प्रेम नव्हे काय?

चौथी गोष्ट कबरीची. जिवंतपणीं ज्या आईच्या औषधास पैसा निघाला नाहीं, तिच्या कबरीवर संगमरवर चढतो. त्या दगडाचा खर्च एखाद्या विधवेच्या मुलाच्या शिक्षणास द्यावा, आणि कबरीवर नांव व सन एवढेंच असावें, असें प्रत्येकानें लिहून ठेवल्यास स्मशानभूमींतील जागेचे अर्धे तंटे मिटतील.

आमच्या तुमसरची प्रसिद्धि तांदुळाच्या बाजारामुळें आहे. कोठार म्हणजे काय, हें येथें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. लूकाच्या शुभवर्तमानांतील त्या धनवान शेतकऱ्याचा दाखला म्हणूनच येथें नीट समजला पाहिजे. त्याचें पीक चांगलें आलें यांत पाप नव्हतें. कोठार बांधण्यांतही नव्हतें. त्याची चूक एवढीच कीं, आपल्या मनसुब्यांत त्यानें दुसऱ्या कोणास घेतलें नाहीं: शेजारी नाहीं, गरीब नाहीं, देव नाहीं आणि मरणही नाहीं. ज्या हिशेबांत हीं चार नांवें नाहींत, तो हिशेब कितीही बिनचूक असला तरी रात्रींच्या रात्रींत खोटा ठरतो.

तेव्हां मरणाची तयारी ही म्हातारपणाची बाब नव्हे, आजारपणाची नव्हे, आणि पाळकांवर सोंपविण्याची तर नव्हेच नव्हे. तुटलेलें नातें आज जोडणें, देणें आज फेडणें, सत्य आज सांगणें आणि उद्यां दुसऱ्यानें पुढें न्यावें असें काम आज हातीं घेणें, एवढीच ती आहे. जो हें करतो त्यास अनंतकाळाचें नांव वारंवार घेण्याचें कारण उरत नाहीं. आणि जो हें करीत नाहीं, त्यानें तें कितीही वेळां घेतलें तरी ती केवळ जिभेची संवय होय.