आजचं गाणं

मित्राला रोज एकच गाणं पाठवावं. दहा पाठवली की ती ‘नंतर ऐकू’च्या खात्यात जातात, आणि ते नंतर कधी उगवत नाही. हेवी मेटलची ज्याला धास्ती आहे, त्याला पहिल्या दिवशी ‘ब्लॅक सॅबथ’च द्यावं: बँडचं, 1970 च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं आणि त्यातल्या पहिल्या गाण्याचं, तिन्हींचं नाव हेच. पाऊस, घंटा आणि मग गिटारवर तीनच स्वर. षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. यमनात हाच मध्यम किती प्रसन्न वाटतो! इथे त्याला ना पंचमाचा आधार, ना गंधाराची सोबत. एकटाच थरथरत राहतो आणि अंगावर काटा आणतो. वाजवणारा टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यात हा डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हातच अधू. गड्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा चढवल्या, पुढे त्या सैलही केल्या. मेटलमधला तो खर्जाचा जडपणा बराचसा इथूनच आला. दुसऱ्या दिवशी डीप पर्पल चालेल, पण ‘स्मोक ऑन द वॉटर’ नको. शिकाऊ गिटारवाल्यांनी ते पार झिजवलंय. ‘चाइल्ड इन टाइम’ पाठवा. दहा मिनिटांचं आहे, इयान गिलनचा आवाज चढत चढत किंकाळीपर्यंत जातो. आणि हो, पाठवल्यावर तासाभरात ‘कसं वाटलं?’ म्हणून मागे लागू नका.