आगबोटीवरचे पथ्यपाणी



सुटीचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. पूर्वी काशी-रामेश्वरच्या यात्रेत काय खावे, असे विचारले जाई. अलीकडे एक नवा प्रश्न वारंवार येतो. परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांना हौसेने क्रूझच्या सहलीला नेतात, आणि वडिलांनी किंवा आईने दूधदुभतेही वर्ज्य केलेले असते. ‘सात-आठ दिवस समुद्रावर त्यांनी खायचे तरी काय?’ असा काळजीचा सूर पत्रात उमटतो.

या प्रश्नाचे उत्तर मी ग्रंथातून देणार नाही. माझ्या घरात घडलेली गोष्टच सांगते. तीत माझी स्वतःची चूक आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे.

माझे यजमान ७३ वर्षांचे आहेत. वयाच्या ६८व्या वर्षी त्यांनी दूध, दही, तूप, पनीर आणि मध हे सारे सोडले. त्यांचे बालपण सांगली जिल्ह्यातील एका गावात गेले. घरी म्हशी होत्या. पारडू दगावले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवीत. ती त्याला चाटे, पान्हा सोडी, आणि मग धार काढली जाई. ते दृश्य त्यांच्या मनातून साठ वर्षे गेले नाही. एके दिवशी त्यांनी चहातले दूध बंद केले आणि हळूहळू बाकीचेही. मी स्वतः दही खाते. त्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. त्यांना मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

मुलगी आणि जावई कॅनडात व्हँकूव्हरला असतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी आम्हाला अलास्काच्या सात रात्रींच्या सफरीवर नेले. तिकिटे काढताना आहाराविषयीच्या रकान्यात मुलीने ‘भारतीय शाकाहारी’ असे लिहिले. तिचे काही चुकले असे कोणालाही वाटले नाही. मलाही नाही.

‘शाकाहारी’ म्हणजे काय?

आपल्या भाषेत शाकाहार या शब्दात दूधतूप गृहीतच असते. उपवासाच्या ताटातही दही आणि साजूक तूप अग्रभागी असते. म्हणून जहाजावरच्या भटारखान्याने ‘भारतीय शाकाहारी’ या शब्दांचा जो अर्थ लावला, तो अगदी योग्यच होता. पहिल्या रात्री आमच्या पुढ्यात पनीर माखनी, लोण्याची डाळ आणि दही घालून मळलेला नान आला. यजमानांनी कोणाला काही म्हटले नाही. साधा भात, काकडी-टोमॅटो आणि कलिंगडाच्या फोडी घेऊन ते उठले. ‘इतक्या मोठ्या जहाजावर माझ्या एकट्यासाठी वेगळे कशाला? त्यांना त्रास नको,’ एवढेच म्हणाले.

मी तेव्हा जे बोलले त्याची मला आजही खंत वाटते. ‘आठ दिवसांपुरते थोडे दही घ्या. इथे कोण पाहते आहे?’ असे मी म्हटले. त्यांनी उत्तर दिले नाही. त्या मौनाचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

दुसरा दिवस संपूर्ण समुद्रावर होता. अलास्काची घड्याळे व्हँकूव्हरच्या एक तास मागे असतात. जहाजाने तशी सूचना आदल्या रात्रीच खोलीत पाठवली होती. मी माझे घड्याळ मागे केले. यजमानांचे मनगटी घड्याळ तसेच राहिले. नातीबरोबर मी करमणुकीचा कार्यक्रम पाहायला गेले होते. त्यांनी खोलीत स्वतःच्या घड्याळाप्रमाणे साडेसातला रात्रीच्या जेवणाआधीची गोळी घेतली. जहाजाच्या घड्याळात तेव्हा साडेसहा वाजले होते आणि आमची जेवणाची पाळी आठची होती. दुपारचे जेवणही भात आणि कच्च्या भाज्या एवढेच झाले होते.

सव्वाआठच्या सुमारास मेजावर त्यांच्या कपाळावर घाम दिसला. हातातला चमचा थरथरत होता. नातीने काहीतरी विचारले, तर ते तिच्यावर चिडले. हा त्यांचा स्वभाव नव्हे. बोट लागली असावी, असे मला क्षणभर वाटले. तीस वर्षे मी रुग्णांना आहार सांगत आले, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पर्समधल्या यंत्रावर साखर तपासली. ती ५८ होती.

पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून त्यांना घोटाघोटाने पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा ८४ होता. तोवर आमच्या मेजाचा वाढपी प्रमुख वाढप्याला घेऊन आला होता. वाढपी गोव्याचा होता. गोव्याच्या कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजांवर नोकरीला गेली आहेत. त्याने सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, हे पहिल्याच रात्री सांगायला हवं होतं. आम्ही त्याच कामासाठी इथं आहोत.” थोड्याच वेळात लोणी न घातलेले छोले आणि मोकळा भात आला. दोष जहाजाचा नव्हता. आम्ही मागितलेच नव्हते.

मागावे कसे?

त्या रात्रीनंतर जी व्यवस्था लागली, ती बहुतेक मोठ्या प्रवासी जहाजांवर लागू शकते.

पहिली गोष्ट म्हणजे नेमका शब्द. आरक्षणाच्या वेळीच ‘व्हीगन’ हा शब्द लिहावा आणि पुढे फोड करावी: दूध, लोणी, तूप, साय, चीज, दही, अंडे, मध, मासे आणि मांस काहीही नको. ‘जैन’ असे लिहून हे साधत नाही. जैन आहारात कंदमुळे वर्ज्य असतात, दूध नव्हे. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी भोजनगृहाच्या प्रमुखास प्रत्यक्ष भेटावे. ही यादी इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी ज्येष्ठांच्या खिशात असावी. ऐकू कमी येते किंवा उच्चार कळत नाहीत, अशा वेळी चिठ्ठी बोलते.

दुसरी गोष्ट म्हणजे आदल्या रात्रीची मागणी. जेवण संपताना दुसऱ्या दिवसाची भोजनपत्रिका मागून घ्यावी आणि त्यातला पदार्थ दुधालोण्यावाचून करता येईल का, ते विचारावे. हजारोंचा स्वयंपाक करणाऱ्या भटारखान्याला ऐनवेळची मागणी जड जाते. आदल्या रात्रीची सहज पेलते.

तिसरी गोष्ट, बुफेवर नजर चौकस हवी. वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांतच फसगत होते. भाज्यांचे सूप मांसाच्या अर्कात केलेले असू शकते. चिनी पद्धतीच्या भाज्यांत कालवांचा किंवा माशांचा सॉस असतो. उकडलेल्या भाज्यांवर लोणी सोडलेले असते. टोमॅटोतल्या घेवड्यात कधी डुकराचे मांस घातलेले असते. ताज्या पास्त्यात अंडे असते. वाळवलेला पास्ता बहुधा नुसत्या गव्हाचा असतो. जेलीत जिलेटिन असते. साधा कडक पाव, भाजलेला बटाटा, वाफेचा भात, काबुली चण्याचे हमस, फळे आणि सुकामेवा यांवर बरेचसे भागते; तरी प्रत्येक वेळी विचारून घेणे उत्तम. सकाळची ओटची पेज दुधात केलेली असते; ती पाण्यात करून मागावी. सोयादूध मागितल्यास बहुधा मिळते.

पोट भरणे आणि पोषण होणे

भात, पाव आणि फळे यांनी पोट भरते, पण त्या ताटात प्रथिने फार थोडी असतात. निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. प्रत्येक जेवणात डाळ, छोले, राजमा किंवा टोफू यांपैकी काहीतरी असलेच पाहिजे, हे प्रमुख वाढप्यास स्पष्ट सांगावे. मधुमेह्याचे ताट नुसत्या भाताफळांचे असेल, तर साखर आधी झपाट्याने चढते आणि पुढे गोळीच्या जोराने उतरते.

बी-१२ जीवनसत्त्वाचा भरवशाचा स्रोत वनस्पतींत नाही. त्यातून मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी कमी होऊ शकते. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात. प्रवासाआधी तपासणी करून घ्यावी आणि गोळी नियमित घ्यावी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती सोयादुधाबरोबर घेऊ नये. कॅल्शियमच्या गोळीपासूनही तिला चार तासांचे अंतर हवे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन चालू असल्यास हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण घरच्याइतकेच ठेवावे. एकाएकी वाढवू नये. काही औषधांच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते. तेवढ्यासाठी औषध आपल्या मनाने बंद करू नये. पर्यायी गोळी आहे का, ते डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

साखर उतरल्यास काय करावे, हे घरातल्या प्रत्येकास ठाऊक हवे. आकडा ७०च्या खाली गेला की तीन चमचे साखर पाण्यातून किंवा अर्धा पेला फळांचा रस द्यावा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल तर पुन्हा द्यावे, आणि मग जेवण वाढावे. वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साधी साखर लवकर उपयोगी पडत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोजची पूड जवळ बाळगावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. तत्काळ जहाजावरच्या दवाखान्यास कळवावे.

सामानात काय असावे?

औषधे, तपासणीचे यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. चढताना सोपवलेले मोठे सामान खोलीत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात. घरून शिजवून नेलेले अन्न आणि ताजी फळे बहुधा नेऊ देत नाहीत. बंद वेष्टनातले कोरडे खाणे चालते. खोलीत विजेची किटली किंवा शेगडी सहसा चालत नाही, कारण आगीचा धोका. गरम पाणी बुफेवरून आणावे. आम्ही भाजके फुटाणे, तेलावर भाजलेले खाकरे, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेले होते. विकतचे खाकरे किंवा तयार उपमा घेताना वेष्टनावर तूप किंवा दुधाची पूड लिहिली आहे का, ते पाहावे.

बंदरावर उतरताना जहाजावरची फळे आणि शिजवलेले पदार्थ बाहेर नेण्यास सहसा मनाई असते. जुनो, स्कॅगवे, केचिकन ही अलास्काची गावे लहान. खानावळीत जिकडेतिकडे सॅमन मासा. तेव्हा पोटभर न्याहारी करूनच उतरावे आणि खिशात फुटाण्यांची बंद पुडी ठेवावी. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांपुढे हाताला चोळायचे सॅनिटायझर पुरेसे ठरत नाही.

आणि घड्याळ! जहाजाची वेळ बदलेल त्या रात्री सांभाळणाऱ्याने ज्येष्ठांचे घड्याळ स्वतः लावून द्यावे. शक्यतो नियम असा करावा की, ताट समोर आल्यावाचून जेवणाआधीची गोळी घ्यायची नाही.

पाचव्या दिवशी आम्ही ग्लेशियर बेमध्ये होतो. सकाळी यजमानांनी नुसता गरम भात मागवला, त्यावर मेतकूट आणि थोडे तेल घातले, आणि खिडकीतून हिमनदीचा निळसर कडा पाहत सावकाश जेवले. गोव्याच्या त्या वाढप्याने वास ओळखून विचारले, तेव्हा त्याच्या तळहातावरही चिमूटभर मेतकूट पडले. त्या दिवशी साखर १३२ होती.

रात्री मी त्यांना म्हटले, “दह्याचे मी बोलायला नको होते.” ते म्हणाले, “आणि मीही गप्प बसायला नको होते.”

वडीलधाऱ्यांना सांभाळताना आपण त्यांच्या व्रताशी तडजोड मागतो, कारण ती आपल्याला सोपी वाटते. तेही आपल्याला त्रास नको म्हणून अर्धपोटी राहतात. दोन्ही बाजूंचा हा संकोच मधुमेह्याच्या जिवाशी खेळ ठरू शकतो. योग्य शब्दांत आणि वेळेवर मागणे ही भीक नव्हे. सहलीला निघणाऱ्या वाचकांनी ही चिठ्ठी आजच लिहून ठेवावी, अशी विनंती करून येथे थांबते. प्रवास सुखाचा होवो.