डोळे आलेत? येऊ देत, पण पंचा वेगळा!

मंडळी, मराठीत बरेचसे आजार 'होतात', हा मात्र 'येतो'. "त्याचे डोळे आले" म्हणायचं, जणू कालपर्यंत नव्हतेच! पण शब्द चपखल आहे. हा पाहुण्यासारखा येतो, आठ-पंधरा दिवस मुक्काम करतो आणि जाताना घरातल्या सगळ्यांची ओळख करून घेतो.

पावसाळ्यात आमच्या गव्हाणात कुणाचे डोळे आले की त्याच्याआधी उपाय दारात हजर. गुलाबपाणी, धण्याचं पाणी, तुरटीचं पाणी, मधाचं बोट, एरंडेलाचा थेंब, आणि शेजारी ओली बाळंतीण असेल तर तिचं दूध. सांगणारी माणसं मायेचीच असतात. म्हणून लिहायला जरा जड जातंय, पण माझं मत एका ओळीत असं आहे: जो उपाय पापणीच्या बाहेर थांबतो तो घरचा, जो आत जातो तो डॉक्टरांचा.

का? तर साथीचे डोळे बहुतेक वेळा विषाणूमुळे येतात आणि एक-दोन आठवड्यांत आपले आपण जातात. रोग त्याच्या मुदतीने जातो आणि श्रेय धण्याच्या पाण्याला मिळतं! एवढ्यावर भागलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती. पण स्वयंपाकघरातलं पाणी, मध, दूध यांतलं काहीच निर्जंतुक नसतं. आधीच सुजलेल्या डोळ्यात नवे जंतू गेले आणि बुबुळाला जखम झाली, तर नजरेवर बेतू शकतं.

आणि हो, नव्या पिढीने आजीला हसू नये. कपाटातली गेल्या वर्षीची ड्रॉप्सची बाटली काढून घालणं हाही आजीबाईचा बटवाच, फक्त प्लास्टिकचा. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली झटकन उतरते, बरंही वाटतं. पण आत नागिणीच्या जातीचा विषाणू किंवा बुबुळाची जखम असेल तर तेच औषध घात करतं. आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही.

मग घरी करायचं काय? उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून चिपडं पुसायची, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर. दर वेळी नवा बोळा, दोन डोळ्यांना वेगळा. मिटलेल्या डोळ्यावर गार पाण्याची घडी. डोळे चोळायचे नाहीत, काँटॅक्ट लेन्स बंद, काजळाची डबी कचऱ्यात. पंचा, उशीचा अभ्रा, रुमाल वेगळे. आणि हात साबणाने धुवायचे, कारण यातल्या काही विषाणूंना सॅनिटायझर फारशी दाद देत नाही.

डोळ्यात बघितल्याने डोळे येत नाहीत हो! गॉगल रोग्याला उजेडापासून वाचवतो, आपल्याला नाही. रोग जातो तो हातावरून, पंचावरून, मोबाईलवरून.

दुखणं जास्त असेल, उजेड सहन होत नसेल, धुरकट दिसत असेल, लेन्स वापरणारा माणूस असेल, तर थेट डोळ्यांचा डॉक्टर. महिन्याच्या आतल्या बाळाचे डोळे लाल झाले तर त्याच दिवशी. तिथे दूध-बिध काही नको.

"एवढं काय, डोळेच तर आलेत!" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या घानात डोळ्यांची नवीच साथ उठली. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला 'अपोलो' नाव दिलं. १९७१ मध्ये ती मुंबईत पोचली. कोलकात्यात तिचं नाव पडलं 'जय बांगला', कारण ते बांगलादेशच्या युद्धाचं आणि निर्वासितांचं वर्ष. मुंबईत डोळे बरे झाल्यावर मोजक्या रुग्णांचे पाय लुळे पडले. डॉ. नोशीर वाडियांसारख्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याची नोंद करून ठेवली आहे. असं क्वचितच होतं, पण तेव्हा झालं. अगदी अलीकडे, २०२३ च्या जुलैत, आळंदीत हजारावर लोकांचे डोळे आले, त्यात शाळकरी मुलं फार. मग साथ राज्यभर पसरली आणि आकडा लाखाच्या वर गेला.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे चार-आठ दिवस घरी बसणं, आणि तोच सगळ्यात महाग. रिक्षावाल्याने, न्हावा-शेव्याला कंटेनर नेणाऱ्या ड्रायव्हरने, एका खोलीत आठ-दहा जण राहणाऱ्या बांधकाम मजुराने घरी बसायचं कसं? वेगळा पंचा वाळत घालायला वेगळी दोरी तरी हवी ना! म्हणून वाटतं, शाळेने हजेरीचा आणि मालकाने खाड्याचा हट्ट या आठवड्यापुरता सोडावा. एकाला सुट्टी दिली तर दहा जणांची वाचते, हा हिशेब कुणालाही कळेल.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. गणपतीला गावी याल तेव्हा डोळे आलेले असतील तर फोनवरून नमस्कार करा. बाप्पा रागावणार नाहीत, मोदक मागाहून पाठवू. आणि एखाद्या मावशीने प्रेमाने मध पुढे केलाच, तर नाही म्हणू नका. चाटून टाका. तिचा मानही राहील आणि डोळाही.