कानातला बिल्ला आणि वाक्यातला कर्ता

गुरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला हवाच, असे महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरवले आणि त्यासाठी १ जून ही तारीख दिली. अशा बातमीवर आम्हां साहित्याच्या माणसांची प्रतिक्रिया ठरलेली असते. ढवळ्या-पवळ्या गेले, आकडे आले! मग कुणीतरी आनंद यादवांच्या 'गोतावळा'ची आठवण काढतो, आणि एक सामुदायिक सुस्कारा सोडून आपण पुढच्या विषयाकडे वळतो.

हा सुस्कारा आम्हांला मान्य नाही. 'गोतावळा' १९७१ची. त्यात नारबाचा गोतावळा मोडतो तो जनावरांची नावे कुणी पुसली म्हणून नव्हे. मळ्यात ट्रॅक्टर येतो, मालकाचा हिशेब बदलतो आणि जनावरे नकोशी होतात, म्हणून तो मोडतो. शिवाय जनावराची तपासणी ही काही कालपरवाची गोष्ट नाही. बाजारात बैलाचे तोंड उघडून दात मोजले जात; अदंत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, अशी त्याची इयत्ता ठरे. शिंगे, खूर, भोवरे पाहिले जात आणि किंमत रुमालाखाली बोटांच्या खुणांनी ठरे. या कारभारात दलाल सहसा बुडत नसे. लसीकरणाची आणि मालकीची नोंद ज्याच्या आधारे सापडते तो क्रमांक गरीब शेतकऱ्याच्या उपयोगाचाच आहे. २०२२ साली लम्पीच्या साथीत राज्यातले गुरांचे बाजार बंद करावे लागले. कोणते जनावर कुठून आले हे कळणे किती मोलाचे असते, ते तेव्हा सर्वांनीच अनुभवले.

तेव्हा आमचे भांडण बिल्ल्याशी नाही. बिल्ल्याला जोडलेल्या अटींशी आहे, आणि त्यांतही एका अटीशी विशेष. बिल्ल्याविना खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही, हे एक वेळ समजू शकते. रोग बाजारातून आणि वाहनांतून पसरतो. पण बिल्ला नसेल तर सरकारी दवाखान्यात उपचारही नाहीत? वीज पडून किंवा वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात जनावर मेले तर भरपाईही नाही? प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी केंद्राने २००९ साली कायदा केला. त्यात जनावरावर खूण करायची ती लस टोचल्याची साक्ष म्हणून. म्हणजे उपचार आधी, खूण नंतर. २०२४च्या आदेशाने हा क्रमच उलटा केला.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने आपली विद्या वापरावी. शासकीय मराठीत अशा ठिकाणी 'देय राहणार नाही' छापाचे वाक्य येते. या वाक्यात कर्ता कुठे आहे? नाकारणारा कोण? बिल्ला मारणे हे पशुसंवर्धन खात्याच्या यंत्रणेचे काम. ती गावात पोचली नाही, बिल्ला झुडपात अडकून तुटला, तर दंड मात्र आजारी म्हशीला. दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणाऱ्या धनगराने नोंदीमागे धावायचे, की नोंदीने वाड्यापर्यंत जायचे? कर्ता वगळला की जबाबदारीही वगळली जाते. व्याकरणाचा हा प्रश्न गोठ्यात जीवनमरणाचा होतो.

संशयाचे हे व्याकरण नवे नाही. मार्च २०१५मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, आणि पाठोपाठ मालेगावात पोलिसांनी मालकांकडे गायीबैलांची छायाचित्रे मागितली. त्या कायद्यातले एक कलम निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवरच टाकत होते. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूळ बंदी कायम ठेवली, पण ते कलम रद्द केले. न्यायालयाने आरोपीच्या खांद्यावरून उतरवलेले ओझे निरोगी-आजारी प्रत्येक गुराच्या मालकावर दुसऱ्या वाटेने का चढवायचे?

कुणी म्हणेल, सक्तीशिवाय नोंदणी होत नाही. होत नसेल. पण मग दवाखान्याच्या दारात उभे राहिलेले जनावर ही नोंदणीची सर्वांत सोपी संधी नव्हे काय? मालक समोर आहे, डॉक्टर समोर आहे, जनावर बांधलेले आहे. आधी इंजेक्शन द्या, मग तिथेच बिल्ला मारा. एवढी साधी दुरुस्ती आम्ही मागतो: उपचाराची आणि भरपाईची अट काढून टाका, बाजाराची खुशाल ठेवा.

आनंद यादव ज्या पुण्याच्या विद्यापीठात मराठी शिकवीत, त्याच शहरात राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालयही आहे. इथल्या मराठीच्या वर्गांत नारबाच्या दुःखावर पानेच्या पाने लिहून घेतली जातात. त्यांतले एखादे पान या आयुक्तालयाकडे जाऊ द्यावे, आणि त्यावर एवढेच विचारावे: आजारी जनावर दारात आल्यावर 'नाही' म्हणणारा कर्ता कोण?