पाजणंही शिकावं लागतं

‘आम्ही चार-चार पोरं वाढवली, आम्हाला कुठे लागली सल्लागार?’ स्तनपान सल्लागाराचं नाव निघालं की बाळंतिणीच्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. सल्लागार नव्हती हे खरंच. पण सुईण होती, जाऊ होती, चुलती होती. बाळाला नीट धरता आलं नाही तर शेजारी बसून दाखवणारं कुणीतरी होतं. आज दोन-तीन दिवसांत दवाखान्यातून घरी आलेल्या मुलीजवळ तसं माणूस बहुधा नसतं. शिवाय त्याच जुन्या घरांमधून चिकाचं दूध पिळून टाकलं जाई आणि बाळाला मध चाटवला जाई. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. जिव्हाळ्याने सांगितलेलं सगळंच बरोबर असतं असं नाही.

‘दवाखान्यात नर्स असतातच की!’ असतात. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं, की देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली; जन्मानंतर तासाभरात अंगावर प्यायलेली बाळं मात्र ४१.८ टक्के. एका नर्सच्या अंगावर अख्खा वॉर्ड असला की प्रत्येकीजवळ बसायला वेळ उरत नाही.

जाणकार सल्लागार आधी काही सांगत नाही, बाळ पिताना बघते. तोंडात नुसतं बोंड आहे का, प्रत्येक ओढीला गालाला खळी पडते का, गिळल्याचा आवाज येतो का. मग ती आईला पाठ टेकून बसवते, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावते आणि दुसऱ्या बाजूच्या हाताने त्याची मान-खांदे पेलायला शिकवते. बाळाने मोठा आ केला की आधी हनुवटी टेकवायची, बोंडाखालचा काळसर भाग जास्तीत जास्त तोंडात जाऊ द्यायचा. पकड जमली की बोंडाला भेगा पाडणारी कळ बऱ्याचदा तिथेच थांबते.

‘हिला दूधच नाही’ हा शिक्का सर्वांत घातक. जितकं दूध निघतं, तितकं बनतं; रात्री बाटली दिली की बाळ ओढतं कमी आणि दूध आणखी घटतं. अळिवाचे लाडू खुशाल खावेत, पण चुकलेली पकड लाडवाने सुधारत नाही. थायरॉइडसारख्या कारणांनी काहींना खरोखरच दूध कमी येतं. तेव्हा वरचं दूध द्यावं लागतं, आणि चांगली सल्लागार ते आईला अपराधी न वाटू देता सांगते.

राहिला ‘श्रीमंतांचे चोचले’ हा आरोप. पण आईच्या दुधासाठीची धडपड फक्त श्रीमंतांची नाही: आशियातली पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली उभारली ती सायनच्या महापालिका रुग्णालयात, गोरगरिबांच्या बाळांसाठी. खासगी सल्लागाराची फी मात्र अनेकींना झेपत नाही, पाटी लावणारी प्रत्येक बाई शिकलेली असतेच असंही नाही. म्हणून तिचं प्रशिक्षण विचारावं. डब्याच्या पावडरीची भलामण करणारीला घरात घेऊ नये. आणि सरकारी दवाखान्यांत हे काम जादा ड्यूटी म्हणून कुणाच्या गळ्यात न मारता त्यासाठी स्वतंत्र, प्रशिक्षित माणूस नेमावं. घरी सोडण्याआधी त्याने प्रत्येक आईचं एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावं आणि पाचव्या दिवशी बाळाचं वजन करायला तिला परत बोलवावं.